सालीखालची वलयं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका. जिच्याबाबत घडली ती माझी सख्खी थोरली वहिनी आहे. आणि ज्या झाडाबद्दल सांगणार आहे ते आमच्या अंगणात आत्ताही उभं आहे.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, अमावास्याही नव्हती. सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सणाला आठवडा उरला होता आणि टळटळीत दुपार होती. थायलंडच्या उत्तरेला, पांगमाफाच्या डोंगरात, आमच्या पांगसाक गावावरच्या गुहेत हे सुरू झालं. भुतांना अंधारच लागतो असं तोवर मीही धरून चाललो होतो.

त्या वर्षी गावचा झरा आटला.

पूर्ण. खडकावर नुसता पांढरा डाग राहिला...

सरकारी माणसं आली. म्हणाली, गाव उचला, खाली मोठ्या रस्त्याच्या कडेला जागा देतो. अर्धं गाव तयार, अर्धं अडून बसलेलं. माझी आई तर म्हणाली, "मला उचलायचं असेल तर चौघांनी या." सण झाला की विहाराच्या मंडपात बैठक घेऊन एकदाचं ठरवायचं होतं. राहायचं की जायचं.

आणि सगळ्यांचे डोळे लागले वान्दीवहिनीकडे. झाडांवरून जुना पाऊस शोधायचा हेच तिचं काम.

ऐकायला विचित्र वाटतं, पण काम सरळ आहे. साग दर वर्षी एक वलय धरतो. पाऊस चांगला झाला तर वलय जाड. दुष्काळ पडला तर बारीक. वहिनी पोकळ गिरमिटानं खोडाला भोक पाडते, आतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढते आणि सरबताच्या स्ट्रॉमध्ये घालून ठेवते. घरी आणून ती पॉलिश पेपरनं घासायची आणि भिंगाखाली वाचायची. जाड, जाड, बारीक, जाड. एका झाडाची ओळ दुसऱ्या झाडाशी जुळवत जुळवत मागे जायचं.

जिवंत सागांवरून ती आमच्या पणजोबांच्याही पणजोबांपर्यंत पोचली होती. असे दुष्काळ तिला दोनदा सापडले. दोन्ही वेळा थोड्या वर्षांत वलयं पुन्हा जाड झाली होती. म्हणजे झराही परत आला असणार. राहा म्हणून सांगावं असं तिच्या मनात होतं. पण प्रश्न अख्ख्या गावाचा. चुकलं तर लोक जाणार कुठे? तिला आणखी जुना पुरावा हवा होता.

तो गुहेत होता.

तिथं सागाच्या शवपेट्या आहेत. अख्खा ओंडका कोरून केलेल्या, खांबांवर चढवलेल्या, हजार-दीड हजार वर्षांच्या. कुणी केल्या कुणास ठाऊक. आम्ही त्यांना पीमानच्या पेट्या म्हणतो, म्हणजे आमच्याही आधीच्या भुतांच्या. वहिनीच्या विद्यापीठातल्या सरांनी चिआंगमाईहून रीतसर परवानगी काढून दिली होती.

वाट दाखवायला लुंग इन्ता. आमच्याकडे काकाला लुंग म्हणतात, आणि इन्ता गावात सगळ्यांचाच काका. सुतार माणूस. तरुणपणी चोरीचा साग कापायचा, हे उघड गुपित. दुसरंही एक उघड गुपित होतं. त्याच्या जावयानं खालच्या रस्त्याला दुकान टाकलं होतं. गाव खाली गेलं तरच ते दुकान चालणार.

त्यामुळे तो बोलायला लागला की वहिनी कान टवकारायची. हा गडी फुकट डोंगर चढणारा नाही, असं ती म्हणायची.

गुहेच्या तोंडाशी इन्तानं मेणबत्ती लावली, लाह्या उधळल्या, हात जोडले.

"म्हातारे हो, आमची सूनबाई एक काडी नेतेय. रागावू नका. रागवायचंच असेल तर तिच्या सरांवर रागवा, ते चिआंगमाईत पंख्याखाली बसलेत."

वहिनी हसली आणि आत शिरली.

पहिली गोष्ट तिला जाणवली ती ही... वटवाघळं नव्हती.

एकही नाही. खाली घाण ताजी होती. छत मोकळं.

"लुंग, वटवाघळं कुठे गेली?"

"पाणी नाही तिथं कोण राहतंय? मुक्या जिवांना कळतं. शिकलेल्यांना बैठक घ्यावी लागते."

वहिनीनं टोमणा गिळला. कोपऱ्यातली एक पेटी तिनं निवडली, तिचं लाकूड त्यातल्या त्यात धड होतं. वरून बाकीच्यांसारखीच काळी, वाळवीनं कुरतडलेली. तिनं तळाला हात घातला.

हाताला साल लागली.

हजार वर्षांच्या लाकडाला साल... तिच्या मनात पाल चुकचुकली. पण साल असणं म्हणजे शेवटचं वलय शाबूत असणं. एवढं घबाड कोण सोडतं? पेटीत डोकावायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. म्हणून ती खाली बसून काम करू लागली. इन्ता वर बॅटरी धरून उभा राहिला.

गिरमिट फिरू लागलं. टक... टक... जुनं लाकूड बोलतंच.

दम खायला तिनं हात थांबवला.

टक... टक...

आवाज थांबला नाही.

सुतारानं वाकसानं ओंडका तासावा तसा तो आवाज होता. गुहेच्या मागच्या अंगानं येत होता. सावकाश, घाई नसल्यासारखा.

"लुंग, ऐकताय ना?"

इन्तानं बॅटरी खाली घेतली. मग म्हणाला, "पाणी ठिबकतंय."

त्या वर्षी त्या गुहेत पाण्याचा थेंब नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं.

कांडी निघाली. भोक उघडं टाकून निघायचं नाही, ही या डोंगरातली रीत. जिवंत झाड असो की जुनं लाकूड, आतलं काय ते त्या वाटेनं बाहेर येतं म्हणतात. वहिनीनं मधाच्या पोळ्याचं मेण मळून भोकात भरलं आणि अंगठ्यानं दाबलं. तिच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना आडवा वण आहे. तो मेणावर स्वच्छ उमटला.

उतरताना इन्ताची टकळी बंद होती. पायथ्याशी येऊन बघते तर वहिनीची मोटरसायकल पंक्चर. सामानाची पिशवी इन्ताच्या घरी ठेवून ती चालत घरी आली. पिशवी रात्रभर त्याच्याकडे राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती आणली आणि आमच्या ओसरीवर भिंग मांडून बसली. मी समोर. तिनं कांडी वाचायची, मी जुन्या पेट्यांचे आलेख ताडून बघायचे, असं आमचं चाललं होतं.

काहीच जुळेना.

एकाही जुन्या पेटीशी नाही. दोन शतकं इकडे नाही, दोन तिकडे नाही. वैतागून मी सहज जिवंत झाडांचा आलेख पुढे ओढला.

"जाड, जाड, बारीक," वहिनी म्हणाली.

माझ्या कागदावर तेच होतं.

पुढचंही तेच. मोठ्या पुराचं वर्ष जाड. वणव्याच्या वर्षाची काळी रेघ. मी जन्मलो ते वर्ष बारीक. "तू आलास आणि पाऊस गेला," असं आई मला अजून ऐकवते. आलेख गेल्या वर्षापर्यंत आला. संपला.

"संपलं, वहिनी."

तिनं भिंगावरून डोळा काढला नाही.

"माझं नाही संपलं," ती म्हणाली.

गेल्या वर्षाच्या पुढेही वलयं होती... एक बऱ्यापैकी. मग बारीक. मग आणखी बारीक. मग केसासारखी, एकाला एक चिकटलेली. आणि मग साल.

वहिनीनं लगेच सरांना फोन लावला. ते खळखळून हसले. फोनबाहेर मलाही ऐकू आलं.

"वान्दी, कुणीतरी तुझी कांडी बदललीय. हे जिवंत झाडाचं लाकूड आहे. आणि पुढची वलयं खोटी. पाऊस मध्येच तुटला की साग एका वर्षात दोन वलयं धरतो. हे मी तुला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं."

फोन ठेवल्यावर वहिनीचा चेहरा उजळला. भीती गेली, तिच्या जागी राग आला.

"कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होते ना मी? पिशवी रात्रभर कुणाकडे होती?"

सगळं चपखल बसत होतं. इन्तानं खडकावरच्या एखाद्या मरतुकड्या सागाची कांडी काढायची आणि पेटीची म्हणून पिशवीत सरकवायची. मग वहिनीनं बैठकीत सांगायचं की फार मोठा दुष्काळ येतोय, पळा. गाव खाली, दुकान जोरात.

खात्री करायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गुहेत गेली. इन्ताला न सांगता. मी तोंडाशी थांबलो. तिनं आत बोलावलं नाही आणि मीही जातो म्हणालो नाही.

आतलं तिनं मला नंतर सांगितलं. लाह्या जागच्या जागी होत्या. मेणबत्तीचं थोटूक होतं. गिरमिटाचा पिवळा भुसा पेटीखाली पडलेला होता.

पेटीला भोक नव्हतं...

मेण नव्हतं. साल नव्हती. तळ गुळगुळीत, दगडासारखा जुना. तिनं शेजारच्या पेट्या चाचपल्या. त्यांनाही नाही.

आणि मागून पुन्हा सुरू झालं. टक... टक...

तिनं त्या पेटीवर हात ठेवला.

आवाज थांबला.

ती बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "पेटी चुकली असेल माझी. अंधार होता." भुशाचं काय, हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण भुसा तिनं मला फार उशिरा सांगितला.

घरी आलो तर आई अंगणातल्या सागाखाली झाडत होती. हा साग आमच्या घरापेक्षा जुना. दोघांच्या कवेत मावत नाही.

"सूनबाई, झाडाला भोक पाडायचं होतं तर सांगायचंस तरी," आई म्हणाली. "म्हातारी आहे म्हणून काय विचारूही नये?"

वहिनी जागीच थांबली.

बुंध्यावर, छातीच्या उंचीला... मेणाचं बूच होतं.

त्यावर अंगठा उमटलेला. मध्ये आडवा वण.

"आई, हे कधीपासून आहे?"

"काल सकाळी झाडलं तेव्हा नव्हतं."

"अंधुक दिसतं तुम्हाला. आधीचं असेल."

"झाड माझ्या दारात आहे, सूनबाई. मला पान पडलेलं कळतं."

वहिनीनं त्या भोकाशेजारीच गिरमिट लावलं आणि स्वतः कांडी काढली. ओसरीवर दोन्ही शेजारी ठेवल्या. ओळ तंतोतंत तीच. आमच्या झाडाची गेल्या वर्षाशी संपत होती. गुहेतली पुढे जात होती.

"ते लाकूड आपल्याच झाडाचं आहे," ती हळूच म्हणाली. "पण अजून न तोडलेल्या..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. उठली, तोंड धुतलं आणि परत आली ती वेगळंच बोलत. इन्ताच आला असणार. आपल्या अंगणात येऊन त्यानंच भोक पाडलं. गुहेतलं मेण खरवडून आणून इथं चिकटवलं. सुतार आहे, त्याला काय कठीण? एकेका प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार होतं. मलाही ती उत्तरं पटवून घ्यायचीच होती. इन्ता रात्री अंगणात आला तर आमचं कुत्रं का भुंकलं नाही, एवढंच मला कळत नव्हतं.

सण झाला. बैठक भरली.

इन्ता सगळ्यांत आधी उठला. हा माणूस कधी कुणापुढे वाकलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यानं हात जोडले.

"चला इथून. दुकान नको माझं, विकून टाकतो. पण पावसाआधी सगळे खाली चला."

"का पण, लुंग?" गावप्रमुखानं विचारलं.

कारण न सांगताच इन्ता खाली बसला.

मग वहिनी उठली. जिवंत झाडांचा हिशेब तिनं मांडला. असे दुष्काळ आले आणि गेले, झरा परत येईल, असं सांगितलं. आणि मग इन्ताची लबाडी. पिशवी, बदललेली कांडी, आमच्या अंगणातलं भोक. मेणावरचा अंगठा तिनं सांगितला नाही.

मंडपात हसू उसळलं. "चार बाटल्या सरबत खपायला एवढा खटाटोप, इन्ता?" कुणीतरी मागून म्हणालं.

"मी काही बदललं नाही, सूनबाई," इन्ता म्हणाला. एवढंच.

गाव राहिलं. इन्ता बायकोला घेऊन खाली गेला. जाताना त्याला पोचवायला कुणी आलं नाही.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. झऱ्याला करंगळीएवढी धार आली. लोकांनी वहिनीला डोक्यावर घेतलं, घरी केळीचे घड आणून टाकले. पावसाळा संपल्यावर तिनं आमच्या सागाची पुन्हा कांडी काढली.

नवं वलय बऱ्यापैकी होतं. गुहेतल्या कांडीवर होतं तेवढंच.

त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं.

पुढच्या वर्षी बारीक.

त्याच्या पुढच्या वर्षी आणखी बारीक. धार गेली. खाली जाणारा टँकर आठवड्याला एकदा वर येऊ लागला.

तेव्हा वहिनी मला म्हणाली, "मोटरसायकल काढ. लुंगकडे जायचंय."

इन्ता दुकानात बसला होता. म्हातारा झाला होता. मी दारात मोटरसायकलच्या चाकात हवा भरत होतो. मला ऐकू येत नाही असं दोघांना वाटलं असावं.

"मी तुमची माफी मागायला आलेय," वहिनी म्हणाली.

"उशीर केलास."

"तुम्ही कांडी बदलली नाहीत. मग एवढी घाई कशाची होती तुम्हाला?"

"तू खाली गिरमिट फिरवत होतीस. मी वरून आत बघितलं."

मी पंप थांबवला.

"नियम मोडलात तुम्ही."

"मोडला. बॅटरी हातात होती, मोह झाला."

"आत कोण होतं, लुंग?"

इन्तानं नजर उचलली, ती वहिनीवरून पुढे दारात माझ्यापर्यंत आली आणि झटकन मागे गेली. मग तो उगाच बरण्या पुसू लागला.

"तुझ्या धाकट्या दिराला माझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "दुकानात माणूस हवाच आहे मला."

परतीच्या वाटेवर वहिनी माझ्या पाठीमागे बसून रडत होती. मी कारण विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तिनं बैठक बोलावली आणि या वेळी काही लपवलं नाही. भुसा, नसलेलं भोक, मेणावरचा अंगठा, सगळं सांगितलं. कांडी हातोहाती फिरवली. म्हणाली, "मी चुकले. इन्ता खरं बोलत होते. पुढची वलयं केसाएवढी आहेत. चला इथून."

कांडी फिरून तिच्यापुढे परत आली. मग पाठीमागून गेल्या बैठकीतला तोच टोमणेवाला आवाज आला.

"नवऱ्यानं खाली रस्त्याला जागा घेतलेली दिसतेय."

आणि मंडपात तेच हसू उसळलं. दादा चिआंगमाईला ट्रक चालवतो, त्याची कुठे काही जागा नाही. पण संशयाला सात-बारा लागत नाही. संशय घ्यायला या गावाला शिकवलं कुणी, हे वहिनीला त्या क्षणी कळलं असावं. ती कांडी उचलून घरी आली.

याला आता तीन-चार वर्षं झाली; तेव्हापासून सागाचं वलय केसाएवढंच निघतंय. सरांना विचाराल तर ते आजही खोटी वलयंच म्हणतात. असतीलही. इन्ताचा मात्र दर टँकरबरोबर निरोप येतो, धाकट्याला पाठवा. वहिनी रोज सकाळी मला विचारते, कधी जातोस? मी म्हणतो, आई येईल तेव्हा. आई हलत नाही.

किती वलयं उरली, हे मी वहिनीला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं विषय बदलला.

या वर्षी सागाला पालवी फुटली नाही.

काल सकाळी आई झाडाखाली उभी होती. वर बघून म्हणाली, "वाळलं गं हे. वादळात घरावर पडण्याआधी पाडून घेऊ. लाकूड चांगलं आहे, वाया घालवू नका, कुणाच्या तरी कामाला येईल."

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिनं आईकडे पाहिलं नाही, झाडाकडेही नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि लगेच मान खाली घातली.